शिडाच्या बोटीवरची ‘ती’ एक दोरी: फर्लिंग लाइन कशी निवडतात आणि कशी बसवतात?

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरातून शिडाच्या बोटींचा मोठा ताफा निघतो आणि अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर पोहोचतो. १९८६ पासून सुरू असलेल्या या सफरीचं नाव आहे ‘अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स’. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. बहुतेक बोटींना यासाठी अडीच ते तीन आठवडे लागतात.

यात भाग घेणारे सगळेच काही मुरलेले खलाशी नसतात. निवृत्त जोडपी असतात, मुलाबाळांसह निघालेली कुटुंबं असतात, नोकरीतून रजा काढून आलेले मित्र असतात. वाटेत व्यापारी वारे पाठीमागून वाहत असतात, त्यामुळे दिवस तसे बरे जातात. प्रश्न येतो तो रात्री. अंधारात एक काळा ढग मागून येतो आणि १५ नॉटचा वारा काही मिनिटांत ३० नॉट होतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरचा जोर दुप्पट होतो, असं वाटेल. पण तो चौपट होतो, कारण हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शीड लगेच कमी करावं लागतं. बोटीवर दोघंच असतील तर त्यातलं एक जण झोपलेलं असतं. जागं असलेलं माणूस कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या भागातल्या बसण्याच्या जागेत, एकटंच असतं. ते हात पुढे करतं आणि एक दोरी ओढायला लागतं.

तीच फर्लिंग लाइन. ती नीट चालली तर हे मिनिटभराचं काम. मध्येच अडकली, तर अंधारात, हलत्या डेकवरून, फडफडणाऱ्या शिडाखाली नाळेपर्यंत रांगत जावं लागतं. आणि तुटलीच, तर नको त्या वेळी पूर्ण शीड उघडतं.

आपल्याकडे शिडाच्या बोटींबद्दलचं कुतूहल वाढलं ते ‘तारिणी’मुळे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून, पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला गोव्यात परत पाऊल ठेवलं. त्यांची ५६ फुटी बोट बांधली गेली तीही गोव्यातच, दिवाडी बेटावर. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला होता की दोनच माणसं एवढी मोठी शिडं सांभाळतात कशी? त्याच्या उत्तरात बऱ्याच गोष्टी येतात, पण आजच्या क्रूझिंग बोटींपुरतं बोलायचं तर पुढचं शीड कॉकपिटमधूनच गुंडाळता येणं ही त्यातली फार मोठी गोष्ट आहे.

ही दोरी नेमकं करते काय?

बोटीच्या डोलकाठीच्या वरच्या भागापासून नाळेपर्यंत एक पोलादी तार ताणलेली असते. तिला फोरस्टे म्हणतात. पुढचं मोठं शीड, म्हणजे जेनोआ, याच तारेच्या रेषेत उभं राहतं. पूर्वी हे शीड छोट्या आकड्यांनी तारेला अडकवत. कमी करायचं तर माणसाने पुढे जाऊन ते उतरवायचं आणि त्याजागी लहान शीड चढवायचं. कोकणातल्या जुन्या मचव्यांवर परभाण खाली घेऊन शीड बदलायचे, तसाच हा मेहनतीचा प्रकार.

फर्लरने हे काम बदललं. आता तारेभोवती ॲल्युमिनियमची एक लांब नळी असते, तिच्या खाचेत शिडाची कड बसते आणि ही अख्खी नळी स्वतःभोवती फिरते. नळीच्या तळाशी, डेकच्या थोडं वर, एक ड्रम असतो. ड्रम फिरला की नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. दुकानाचं रोलिंग शटर डोळ्यांसमोर आणा आणि ते उभं करा.

ड्रम फिरवणारी दोरी म्हणजे फर्लिंग लाइन. तिचं एक टोक ड्रमच्या आत अडकवलेलं असतं. दुसरं टोक बोटीच्या कडेकडेने मागे कॉकपिटपर्यंत आलेलं असतं.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शीड पूर्ण उघडलेलं असतं, तेव्हा दोरी ड्रमवर पूर्ण गुंडाळलेली असते. शीड पूर्ण गुंडाळलेलं असतं, तेव्हा ड्रम जवळपास रिकामा असतो आणि ओढून घेतलेल्या दोरीचा ढीग तुमच्या पायाशी पडलेला असतो. एक भरतं तेव्हा दुसरं रिकामं होतं.

पतंग उडवणाऱ्यांना हे लवकर कळेल. फिरकी म्हणा, आसारी म्हणा किंवा चक्री म्हणा, तिच्यावर मांजा ताणून गुंडाळला असेल तर तो सरसर सुटतो. ढिला गुंडाळला तर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात आणि नेमका पेच लागलेला असताना गुंता होतो. फर्लिंग ड्रमचं दुखणं अगदी हेच आहे.

जाड की बारीक?

दुकानात गेल्यावर पहिला मोह होतो तो जाड दोरी घ्यायचा. जाड म्हणजे मजबूत, शिवाय हाताला काचत नाही. पण हातासाठी जी जाडी चांगली, ती ड्रमसाठी वाईट. का, ते एका छोट्या हिशेबातून बघू.

समजा, ३६ फुटी बोट आहे. तिच्या ड्रमचा आतला गाभा ६ सेंटिमीटर व्यासाचा, दोरीसाठीची उंची ६ सेंटिमीटर आणि बाहेरच्या चकतीचा व्यास १५ सेंटिमीटर आहे. शीड ५ मीटर रुंद आहे. हलक्या वाऱ्यात गुंडाळी सैल होते. तिचा सरासरी व्यास ८ सेंटिमीटर धरला, तर एका फेऱ्यात २५ सेंटिमीटर शीड जातं आणि २० फेऱ्यांत काम होतं. पण जोराच्या वाऱ्यात शीड ताणलेलं असतं, गुंडाळी घट्ट बसते आणि सरासरी व्यास ६ सेंटिमीटरवर येतो. तेव्हा त्याच शिडाला २७ फेरे लागतात.

बंदरातल्या शांत हवेत मोजून बसवलेली दोरी समुद्रात कमी पडते ती यामुळे. शेवटचा मीटर-दीड मीटर शीड बाहेर राहतं आणि ड्रम रिकामा झालेला असतो. ज्या दिवशी शीड पूर्ण बंद व्हायला हवं, नेमक्या त्याच दिवशी ते होत नाही.

म्हणून २७ फेरे धरायचे. शीड गुंडाळून झाल्यावर त्याच्या ओढदोऱ्यांचे, म्हणजे शीटचे, दोन-तीन वेढे वरून पडायला हवेत, म्हणजे वाऱ्याने शिडाचं टोक सुटत नाही. त्यासाठी आणखी ३ फेरे. आणि सगळं झाल्यावरही ड्रमवर ३ वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, नाहीतर पूर्ण ताण आतल्या गाठीवर येतो. एकूण ३३.

आता ही ३३ वेढ्यांची दोरी ड्रममध्ये मावते का? दोरी १० मिलिमीटरची असेल, तर एका थरात ६ वेढे बसतात, म्हणजे ६ थर होतात आणि एकूण व्यास १८ सेंटिमीटर होतो. चकती तर १५ सेंटिमीटरचीच आहे. दोरी चकतीच्या बाहेर घसरणार, ड्रम आणि त्याच्या आवरणाच्या फटीत अडकणार. ८ मिलिमीटरची घेतली तर एका थरात ७ वेढे, ५ थर, व्यास १४ सेंटिमीटर. मावते, पण जेमतेम. वेढे कागदावर बसतात तसे शिस्तीत बसत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं.

तुमच्या बोटीचे आकडे वेगळे असतील. सेल्डेन, हार्केन, प्रोफर्ल यांसारख्या कंपन्या आपल्या प्रत्येक मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दोरीची जास्तीत जास्त जाडी देतात. तो आकडा ताकदीसाठी दिलाय असं समजून त्याहून जाड दोरी घालणारे लोक असतात. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा जागेसाठी असतो. ढोबळमानाने बघायचं तर लहान बोटींवर ६, मध्यम बोटींवर ८ आणि ४० फुटांच्या आसपास १० मिलिमीटरची दोरी दिसते.

सोललेली दोरी

हात आणि ड्रम यांच्या या भांडणावर एक छान तोड आहे. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

बोटीवरची आधुनिक दोरी बहुतेक वेळा दुहेरी विणीची असते. आत गाभा आणि बाहेर आवरण. गाभा डायनिमासारख्या धाग्याचा असेल, तर जवळपास सगळी ताकद त्या गाभ्यातच असते. मग ड्रमवर जाणाऱ्या भागाचं आवरण सोलून काढायचं. १० मिलिमीटरची दोरी तेवढ्या भागात ७ मिलिमीटरच्या आसपास येते. ताकद टिकते, ड्रममध्ये जागा होते आणि हातात येणारा भाग जाडच राहतो.

साध्या पॉलिएस्टर दोरीत याच्या उलट करतात. तिथे आवरणातही बरीच ताकद असते, म्हणून त्या भागातला गाभा ओढून काढतात आणि नुसतं आवरण ठेवतात. ते चपटं होऊन ड्रमवर बसतं. ताकद मात्र कमी होते, त्यामुळे मोठ्या शिडाला हा उपाय मी सुचवणार नाही.

सोलायचं किती? इथे पुष्कळ लोक घाई करतात. आपल्या उदाहरणात ड्रमवर साधारण साडेदहा मीटर दोरी जाते. म्हणून साडेदहा मीटर सोलून टाकली, तर शीड पूर्ण गुंडाळल्यावर सोललेला भाग कॉकपिटच्या तोंडाशी येतो. गुळगुळीत, बारीक डायनिमा नेमका क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीत. तिथे तो घसरतो. त्यापेक्षा ८ मीटर सोलावी. पहिले २७ वेढे बारीक, वरचे ६ वेढे जाड आणि एकूण व्यास साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. ड्रममध्ये आरामात बसते आणि जोड कॉकपिटच्या दोन-अडीच मीटर अलीकडेच थांबतो.

जिथे आवरण संपतं, तिथे त्याचे धागे हळूहळू कमी करत टोक निमुळतं करायचं आणि गाभ्याला शिवून टाकायचं. नुसतं कापून सोडलं तर ते टोक कप्पीत अडकतं आणि कांद्याच्या पातीसारखं मागे सरकत जातं.

नायलॉन का नको?

कारण तो ताणला जातो. नांगराच्या दोरासाठी हाच गुण हवा असतो, तिथे ताणणारी दोरी धक्के पचवते. फर्लिंग लाइनला मात्र तो घातक ठरतो. तुम्ही शीड अर्धं गुंडाळून क्लीटला दोरी बांधलीत आणि वाऱ्याचा झोत आला की दोरी लांबणार, ड्रम थोडा उलटा फिरणार आणि शीड पुन्हा थोडं उघडणार. प्रत्येक झोताला असंच. शिवाय दोरी मागेपुढे होताना एकाच जागी घासत राहते.

पॉलिएस्टर कमी ताणतं, उन्हात बऱ्यापैकी टिकतं, हाताला बरं लागतं आणि स्वस्त आहे. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या बोटीला ते पुरेसं आहे. डायनिमा त्याहून खूपच कमी ताणतो आणि वजनाच्या मानाने फार मजबूत असतो. पण तो निसरडा आहे आणि साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे जोराने घसरला तर पृष्ठभाग चकचकीत होऊन खराब होतो. म्हणूनच त्यावर पॉलिएस्टरचं आवरण लागतं.

रंगाचं म्हणाल तर कॉकपिटमध्ये येणाऱ्या बाकी दोऱ्यांपेक्षा वेगळा रंग घ्यावा. रात्री डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात चुकीची दोरी सोडणं फार सोपं असतं.

किती मीटर घ्यायची?

३३ वेढे, सरासरी व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे ड्रमवर १०.४ मीटर. ड्रमपासून क्लीटपर्यंतची वाट, वळणांसकट, समजा १० मीटर. हातात धरायला आणि बांधायला २ मीटर. बेरीज साडेबावीस. मी २४ घेईन. बोटीच्या लांबीच्या दुप्पट, असा एक ढोबळ नियम खलाशी सांगतात. तो आपल्या ११ मीटरच्या बोटीला २२ वर आणून सोडतो, म्हणजे फारसा चुकीचा नाही. पण वाट मोजताना टेपऐवजी एक जुनी दोरी प्रत्यक्ष त्या मार्गाने फिरवून मोजा. वळणं टेपला कळत नाहीत.

एक-दोन मीटर जास्त घेण्याचं आणखी एक कारण आहे. दोरी नेहमी त्याच दोन-तीन ठिकाणी झिजते. लांबी हाताशी असेल तर ड्रमकडचं टोक थोडं कापून झिजलेली जागा पुढे सरकवता येते. न सोललेली दोरी तर दोन-तीन वर्षांनी उलटी करूनही घालता येते.

ड्रमकडे जाणारा काटकोन

दोरी उत्तम घेतली, पण तिची वाट चुकली तर काही उपयोग नाही. सगळ्यात महत्त्वाची आहे ती ड्रमच्या मागची पहिली कप्पी. तिच्यातून निघालेली दोरी ड्रमच्या अक्षाशी काटकोनात आणि ड्रमच्या उंचीच्या बरोबर मध्यावर गेली पाहिजे. लक्षात घ्या, फोरस्टे तिरकी असते, म्हणून ड्रमही तिरका असतो. काटकोन डेकशी मोजायचा नाही, फोरस्टेशी मोजायचा.

कप्पी खाली गेली तर दोरी ड्रमच्या खालच्या कडेला ढीग करते. वर गेली तर वरच्या कडेला. ढीग कोसळला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांमध्ये पाचरीसारखा बसतो, आणि मग दोन माणसांनी ओढलं तरी ड्रम हलत नाही. कप्पी बरोबर असेल तर दोरी स्वतःच खालीवर जात थर भरते.

तिथून मागे दोरी शक्यतो सरळ, बोटीच्या कडेच्या खांबांना लावलेल्या छोट्या कप्प्यांतून जावी. प्रत्येक वळण म्हणजे घर्षण. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या कड्या सरळ भागात चालतील, पण जिथे दोरी मोठा कोन घेते, तिथे बॉल बेअरिंगची चांगली कप्पी लावा. कॉकपिटजवळच्या शेवटच्या वळणावर रॅचेट कप्पी मिळाली तर उत्तमच. ती ओढताना मोकळी फिरते आणि दोरी सोडताना थोडी धरून ठेवते. ती धरून ठेवणंच ड्रमवरचे वेढे घट्ट ठेवतं.

शेवटी दोरी बांधायची कशाला? दातांच्या जबड्यासारखा कॅम क्लीट झटपट असतो, पण चालताना पाय लागून तो सुटू शकतो. मी म्हणेन, कॅम क्लीट हवा तर लावा, पण त्याच्या मागे दोन शिंगांचा साधा क्लीट असूच द्या आणि रात्री दोरी त्यावरच बांधा. टोकाला एक गाठ मारून ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी कप्प्यांतून बाहेर पळून जाणार नाही.

बसवायची कशी?

वारा नसलेली सकाळ निवडा. सोपी पद्धत म्हणजे शीड आधी घट्ट गुंडाळून घ्यायचं, शीटचे तीन वेढे देऊन बांधायचं आणि मगच जुनी दोरी काढायची. जुन्या दोरीचं ड्रमकडचं टोक सोडवून त्याला नव्या दोरीचं मागचं टोक शिवलं आणि कॉकपिटमधून जुनी ओढली, की नवी दोरी सगळ्या कप्प्यांतून आपोआप येते. टोकाला टोक भिडवून शिवायचं, गाठ मारायची नाही. गाठ कप्पीतून जात नाही.

मग नवीचं पुढचं टोक ड्रमच्या भोकातून आत घालून आठाची गाठ मारा. गाठ आवळून बसवा, तिचा उंचवटा वरच्या वेढ्यांना अडता कामा नये. आता हाताने तीन वेढे द्या.

वेढे कोणत्या बाजूने? याचं उत्तर शिडावर शिवलेलं असतं. जेनोआच्या मागच्या आणि खालच्या कडेला गडद कापडाचा पट्टा असतो. शीड गुंडाळल्यावर हा पट्टा बाहेर राहून उन्हापासून बाकी कापडाला वाचवतो. म्हणजे पट्टा बाहेर येईल अशाच दिशेने शीड गुंडाळलं गेलं पाहिजे, आणि दोरी ओढल्यावर ड्रम त्याच दिशेने फिरला पाहिजे. वेढे उलटे दिले तर शीडही उलटं गुंडाळलं जातं आणि एका हंगामात ऊन त्याची कड खाऊन टाकतं. तीन वेढे दिल्यावर दोरी हलकेच ओढून बघा. गुंडाळी आणखी आवळली गेली तर दिशा बरोबर आहे.

त्यानंतर एकाने शीट ओढून शीड हळूहळू उघडायचं आणि दुसऱ्याने फर्लिंग लाइनवर हलका ताण ठेवायचा. पहिल्यांदा भरणारा ड्रम डोळ्यांनी बघा, शक्य असेल तर फोनवर व्हिडिओ घ्या. दोरी एका बाजूला जमताना दिसली तर कप्पी आत्ताच हलवा.

वारा वाढल्यावर

गुंडाळायला सुरुवात लवकर करावी, हे सगळे सांगतात आणि थोडेच पाळतात. शीट थोडं सैल सोडायचं, पण पूर्ण नाही. पूर्ण सोडलं तर शीड फटाफट आपटतं आणि गुंडाळी ढिली होते. दोघं असतील तर एकाने शीट ताणात धरून थोडं थोडं द्यायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची. तरीही जड जात असेल, तर बोट वाऱ्याकडे पाठ होईल अशी वळवा. मागचं मोठं शीड उघडं असेल तर जेनोआ त्याच्या आडोशाला येतं आणि दोरी एकदम हलकी होते.

जवळच विंच असतो, म्हणजे दोर ओढायचं हँडलचं यंत्र. दोरी अडली की हात आपोआप तिकडे जातो. थांबा! विंच काही पट जोर लावतो आणि अडथळा कुठे आहे हे तुमच्या हाताला कळू देत नाही. अडथळा ड्रममध्ये नसून वर, डोलकाठीच्या टोकाशीही असू शकतो. शीड वर चढवणारी दोरी, म्हणजे हॅलयार्ड, फोरस्टेभोवती गुंडाळली गेली असेल, तर विंचने ओढल्यावर फोरस्टेच पिळवटते. ती तुटली तर डोलकाठी पुढून निराधार होते. आधी थोडं शीड परत उघडा, वर बघा, ड्रम बघा.

आणि उघडताना? दोरी हातातून भसकन सोडायची नाही. वारा शीड खेचतो, ड्रम जोरात फिरतो आणि दोरी वाट्टेल तशी गुंडाळली जाते. हातमोजा घाला, किंवा दोरी क्लीटभोवती अर्धा वेढा देऊन सोडा. आज सैल गुंडाळलेली दोरी आजच अडत नाही. ती पुढच्या झोतात, घाईत ओढताना अडते.

कधी बदलायची?

व्यापारी वाऱ्यांत शीड अर्धं गुंडाळून आठवडाभर चाललेल्या बोटीची फर्लिंग लाइन दिवसरात्र एकाच जागी ताणात असते. म्हणून लांबच्या प्रवासात रोज थोडी, अगदी हातभर, ओढायची किंवा सोडायची, म्हणजे घासण्याची जागा बदलते. सकाळच्या डेकच्या फेरीत तीन जागा बघायच्या: ड्रमच्या आवरणाचं तोंड, पहिली कप्पी आणि क्लीट. आवरणावर लव दिसली तर चालेल. आवरण फाटून गाभा दिसायला लागला तर नाही. हाताला दोरी वाळलेल्या काथ्यासारखी कडक लागली तर मीठ आणि ऊन दोन्ही आत गेलंय. गोड्या पाण्यात भिजवून बघा, तरीही कडकच राहिली तर बदला.

बंदरात उभी असलेली बोटही यातून सुटत नाही. वादळात फर्लिंग लाइन सुटली किंवा तुटली, की जागेवर बांधलेल्या बोटीचं जेनोआ उघडतं, तासन् तास आपटून चिंध्या होतं आणि शेजारच्या बोटींनाही घेऊन जातं. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चालणाऱ्या कॅरिबियनच्या हरिकेन हंगामात म्हणूनच पुढचं शीड गुंडाळून न ठेवता पूर्ण उतरवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. तेच आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, दोन्ही चक्रीवादळं पावसाळ्याच्या तोंडावरच आली होती. मुंबई-गोव्यात शिडाच्या बोटी पावसाळ्यासाठी आवरून ठेवायची वेळही तीच असते. शीड उतरवलेलं असतं, ड्रम मोकळा असतो, दोरी हातात असते. आठाची गाठ सोडवून तिच्या आतला, कधीच न दिसणारा भाग बघायला याहून सोयीचा दिवस वर्षभरात मिळत नाही.